मराठवाड्यात राहून साल्सा शिकायचा असेल तर : पहिल्या पावलापासून पहिल्या गिरकीपर्यंत

छत्रपती संभाजीनगर, नांदेड किंवा लातूरच्या एखाद्या डान्स क्लासला फोन करून "साल्सा शिकवता का?" असं विचारलं, की बहुतेक वेळा "हो, शिकवतो ना" असंच उत्तर येतं. गोंधळ तिथूनच सुरू होतो. कुठे झुंबा, म्हणजे नाचाच्या पावलांवरचा व्यायाम, असतो, कुठे लग्नाच्या संगीतासाठी बसवून दिलेला दोन मिनिटांचा नाच असतो आणि कुठे खरोखरचा, जोडीनं नाचायचा साल्सा असतो. पाटीवर नाव मात्र तेच. मी यातून गेले आहे, म्हणून शून्यापासून सुरुवात करणाऱ्यांसाठी हे लिहितेय : काय आधी, काय नंतर, आणि पैसे कशात घालवायचे नाहीत.

एक गोष्ट आधीच सांगते. पहिल्या महिन्यात शिकायचं ते एकच, एका पायावरचं वजन दुसऱ्या पायावर पूर्ण टाकणं. गिरक्या, कंबर, स्टाइल हे सगळं त्याच्या जिवावर चालतं. वर्षभर क्लास करूनही ज्यांचा साल्सा "बसत नाही", त्यांचे पाय बघा. घोडं तिथंच अडलेलं असतं.

१. नाच कोणता, ते आधी ठरवा

जोडीनं करायच्या लॅटिन नाचांत चार नावं तुमच्या कानावर येतील : मेरेंगे, बचाटा, चा-चा-चा आणि साल्सा.

मेरेंगे डॉमिनिकन रिपब्लिकचा. ठोक्याला एक पाऊल, मध्ये थांबा नाही. ज्याला तालात चालता येतं त्याला तो संध्याकाळभरात जमतो. बचाटाही त्याच देशाचा. तीन पावलं बाजूला टाकायची आणि चौथ्या ठोक्याला पाय नुसता टेकवायचा. युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत मेरेंगे २०१६ साली आणि बचाटा २०१९ साली आला. बचाटाची पावलं सोपी आहेत, पण बरेच शिक्षक तो एकमेकांच्या अगदी जवळ उभं करून शिकवतात, आणि अनोळखी माणसासोबत पहिल्याच आठवड्यात तसं उभं राहणं आपल्याकडे अनेकांना जड जातं. चा-चा-चा हा १९५०च्या दशकातला क्यूबन नाच. त्यातली ती झटपट तीन पावलं पाय तयार झाल्यावरच घ्यावीत.

साल्साचं मूळ क्यूबातल्या सोन आणि माम्बो या नाच-गाण्याच्या प्रकारांमध्ये. त्याला आजचं रूप आणि नाव मिळालं ते न्यूयॉर्कच्या प्युर्तो रिकन आणि क्यूबन वस्त्यांमध्ये, १९६० आणि ७०च्या दशकांत. जॉनी पाचेको आणि जेरी मासुची यांनी १९६४ साली काढलेल्या फानिया या रेकॉर्ड कंपनीनं ते संगीत जगभर नेलं. पुढे साल्सा ज्या गावात गेला तिथलं वळण त्यानं घेतलं. पहिल्या ठोक्यावर पुढे जाणारी लॉस एंजेलिसची पद्धत, तिला सगळे "ऑन वन" म्हणतात. दुसऱ्या ठोक्यावर वळणारी न्यूयॉर्कची "ऑन टू". आणि एकमेकांभोवती गोल फिरत नाचायचा क्यूबन "कासिनो".

नवशिक्यांची पहिली फसगत इथेच होते. आज एका पद्धतीचा व्हिडिओ, उद्या दुसऱ्या पद्धतीचा, आणि परवा पाय म्हणतात आम्हाला काहीच येत नाही. एक पद्धत धरा आणि निदान सहा महिने सोडू नका. आपल्याकडे नवख्यांना बहुधा ऑन वन शिकवतात, म्हणून खाली सगळं त्याच पद्धतीनं दिलंय.

माझा सल्ला : दोन-तीन संध्याकाळी मेरेंगे, मग थेट साल्सा. बचाटा नंतर आपोआप येतो.

२. क्लास पारखून घ्या

झुंब्यात साल्साची पावलं असतात हे खरं. पण तिथे सगळे शिक्षकाकडे तोंड करून एकटे नाचतात. घाम निघतो, ताल कळतो, पण समोरच्याच्या हाताचा इशारा ओळखणं तिथे शिकवतच नाहीत. संगीतासाठी बसवलेल्या नाचाचीही तीच गत. एका गाण्यावर पाठ केलेल्या हालचाली दुसऱ्या गाण्यावर आणि दुसऱ्या जोडीदारासोबत चालत नाहीत.

पैसे भरण्याआधी एक डेमो क्लास मागा आणि हे विचारा :

- जोड्या दर काही मिनिटांनी बदलता का? (बदलायलाच हव्यात. एकाच जोडीदाराची सवय लागली की त्याच्या चुकाही अंगवळणी पडतात.)
- बॅचमध्ये लीड करणारे (जोडीत पुढचं पाऊल ठरवून इशारा देणारे) किती आणि फॉलो करणारे (तो इशारा ओळखून नाचणारे) किती?
- गाणं लावण्याआधी तोंडानं मोजून घेता का?
- फी महिन्याची की कोर्सची? शिक्षक आले नाहीत तर तो तास भरून देता का?

शेवटचा प्रश्न आपल्या भागात फार महत्त्वाचा. इथले बरेच नृत्यशिक्षक शाळांची गॅदरिंग, नवरात्रातला गरबा आणि लग्नाचं संगीत यांवरही पोट भरतात. डिसेंबर-जानेवारीत किंवा दाट लग्नसराईत बॅच सुरू केलीत, तर सर आठवड्यातून दोनदा "आज सुट्टी" असा मेसेज टाकणार हे धरून चाला. त्यांचाही इलाज नसतो. पावसाळ्याची सुरुवात मला सगळ्यात बरी वाटते. ऊनही उतरलेलं असतं आणि शिक्षकही जागेवर असतात.

पंधरा दिवसांत स्टेजवर उभं करतो, असं जिथे सांगतात तिथून नमस्कार करून निघा.

नाव नोंदवताना साधारणपणे लागतं ते एवढंच : भरलेला फॉर्म, एक फोटो, ओळखपत्राची झेरॉक्स आणि अडीअडचणीला फोन करायचा घरचा नंबर. अठराच्या आतल्यांना पालकांची सही. आधारची झेरॉक्स दिलीत तर तिच्यावर कशासाठी दिली ते आणि तारीख लिहा. पावती मागून घ्या. गुडघा, कंबर किंवा घोटा दुखावलेला असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा आणि शिक्षकांनाही सांगून ठेवा.

आता घरचा विषय. "परक्या माणसाचा हात धरून नाचणार?" हा प्रश्न येतो, विशेषतः मुलींना. यावर वाद घालत बसण्यापेक्षा आईला किंवा वहिनीला डेमो क्लासला सोबत न्या. उजेडातली खोली, भिंतीवरचा मोठा आरसा, "एक-दोन-तीन" ओरडणारे सर आणि घामाघूम झालेली दहा माणसं पाहिली, की निम्म्या शंका जागीच मिटतात. शिवाय लीड पुरुषानंच करायचं असा कुठला कायदा नाही. दोघी मैत्रिणींनी मिळून शिकावं, दोघींनी दोन्ही बाजू शिकाव्यात. लहान गावात लीड करणारे नेहमीच कमी पडतात, त्यामुळे जिला लीड येतं तिचा सराव कधी अडत नाही.

३. काय काय लागेल

- बूट. रबरी तळाचे स्पोर्ट्स शूज फरशीला धरून बसतात. पाय वळत नाही आणि पीळ गुडघ्याला बसतो. चामडी तळाचे जुने ऑफिसचे बूट चालतात. नाहीतर मोच्याकडून जुन्या कॅनव्हास बुटांच्या तळाला स्वेडचं, म्हणजे मऊ लवदार, चामडं चिकटवून घ्या. ते बूट रस्त्यावर घालू नका, धुळीनं स्वेड गुळगुळीत होतं. टाचांचे सँडल पहिल्या महिन्यात नकोत, आणि चप्पल तर कधीच नको.
- जागा. दोन पावलं पुढे, दोन मागे, एवढी पुरते. गच्चीचा कोबा खरखरीत असतो, तिथे वळायचा सराव करू नका, नुसती पावलं करा. घरातल्या चकचकीत टाइल्सवर मोजे घालून नाचणं म्हणजे हाड मोडून घेणं. शहाबादी फरशी मला सगळ्यात आवडते.
- मोबाइलवर मेट्रोनोमचं (ठरावीक वेगानं टिकटिक करत ताल देणारं) फुकट ॲप आणि एक लहान स्पीकर.
- खडू आणि आरसा. कपाटाचा आरसा चालेल, फक्त पाय दिसले पाहिजेत.
- दोन जादा टी-शर्ट, नॅपकिन, पाण्याची बाटली.

४. पाय हलवण्याआधी मोजा

साल्सा आठ आकड्यांत मोजतात. १, २, ३ ला पाऊल, ४ ला थांबा. ५, ६, ७ ला पाऊल, ८ ला थांबा. आठात पावलं सहाच.

ज्यांनी गावच्या भजनात टाळ धरलाय किंवा तबल्याचा पहिला धडा घेतलाय, त्यांना हे लवकर कळतं, कारण केरवा तालही आठ मात्रांचाच. "धा गे ना ति, न क धि न" असं तोंडानं म्हणा. "धा गे ना" वर तीन पावलं आणि "ति" ला थांबा. "न क धि" वर तीन पावलं आणि शेवटच्या "न" ला थांबा. सम (तालाची पहिली मात्रा) १ वर येते आणि खाली (टाळी न देता हात मोकळा सोडायची मात्रा) ५ वर, म्हणजे पुढची तीन पावलं समेपासून आणि मागची तीन खालीपासून. बसमध्ये, स्वयंपाक करताना, मांडीवर बोटांनी हे करत राहा. आठवडाभरात "१ कुठे गेला?" हा प्रश्न उरत नाही.

गाणं लावल्यावर मात्र एक फसवणूक होते. साल्सात समेवर तबल्यासारखी थाप पडत नाही. काँगा नावाच्या उभ्या ढोलाचा मोकळा, घुमणारा आवाज "टु-टुम" असा येतो तो ४ वर आणि त्याच्या लगेच पाठोपाठ, तसाच पुन्हा ८ च्या वेळी. आपला कान जोरदार ठोक्याला सम मानायला सोकावलेला, त्यामुळे नवखा नेमका तिथे पाऊल टाकतो. उलटं करा. काँगा बोलतो तेव्हा तुमचा पाय थांबलेला असतो, आणि तो बोलून झाला की पुढचं पाऊल पडतं. त्या "टु-टुम" नंतर जे येतं ते १ किंवा ५. त्यातला १ कुठला हे गाण्याच्या ओळीवरून कळू लागतं, कारण ओळ बहुतेकदा आठ-आठ मोजांनीच पालटते.

मेट्रोनोम ९० ते १०० वर ठेवून सुरुवात करा. साल्साची बरीच गाणी मिनिटाला १६० ते २२० ठोक्यांची असतात, त्यामुळे पहिल्या दिवशीच गाणं लावलंत तर धावपळ होते. १५० वर तीन मिनिटं न अडखळता पावलं पडली की मग गाणं.

५. वजन : इथे घाई नको

पाय जुळवून उभे राहा, गुडघे सैल. उजवा पाय उचला. आता सगळं वजन डाव्यावर आहे. उजवा खाली ठेवा, पण नुसता ठेवू नका, त्यावर उभे राहा. तपासायची खूण सोपी आहे : प्रत्येक पावलानंतर दुसरा पाय जमिनीवरून सहज उचलता आला पाहिजे. आला नाही तर वजन मध्येच लोंबकळतंय.

हे आरशासमोर जागच्या जागी करा. डावा, उजवा, डावा, थांबा. उजवा, डावा, उजवा, थांबा. थांब्यातही शरीर गोठवायचं नाही. त्या वेळात वजन पुढच्या पावलाची तयारी करत असतं.

कंबरेचं सगळेच विचारतात. कंबर मुद्दाम हलवू नका. वाकलेल्या गुडघ्यानं पाय टेकवला आणि वजन येता येता गुडघा सरळ झाला, की त्या बाजूचं कंबरेचं हाड आपोआप बाजूला जातं. गुडघा विसरून नुसती कंबर झटकणारे लांबूनच ओळखू येतात. आणि पावलं लहान ठेवा, तुमच्या स्वतःच्या पावलाच्या लांबीएवढी. मोठं पाऊल टाकलं की वजन मागे राहतं आणि ताल पुढे जातो.

६. पुढे-मागे बेसिक

गच्चीवर किंवा फरशीवर खडूनं एक आडवी रेघ मारा आणि रेघेवर उभे राहा.

लीड करणाऱ्यासाठी :

१ – डावा पाय रेघेच्या पुढे
२ – उजवा जागच्या जागी, वजन परत त्याच्यावर
३ – डावा रेघेवर परत
४ – थांबा
५ – उजवा पाय रेघेच्या मागे
६ – डावा जागच्या जागी
७ – उजवा रेघेवर परत
८ – थांबा

फॉलो करणाऱ्यासाठी आरशातल्यासारखं :

१ – उजवा मागे
२ – डावा जागच्या जागी
३ – उजवा रेघेवर
४ – थांबा
५ – डावा पुढे
६ – उजवा जागच्या जागी
७ – डावा रेघेवर
८ – थांबा

पुढे पाऊल टाकताना चवडा आधी टेकतो आणि वजन पावलावर येतं, पण खांदे पायाच्या पुढे झुकत नाहीत. मागे जाताना टाच दाणकन आपटू नका. चवडा टेकवा आणि वजन जरासं पुढेच राहू द्या, नाहीतर दोन पाठीकडे कलणारी माणसं एकमेकांना ओढत बसतात. डोळे समोर. पायाकडे बघायचंच असेल तर आरशातून बघा.

व्हिडिओवरून शिकताना शिक्षक पाठमोरा दिसेल असाच व्हिडिओ निवडा. समोरून शिकवणाऱ्याचा डावा तुम्हाला उजवीकडे दिसतो, त्यातच काही व्हिडिओ उलटे केलेले असतात, आणि माणूस चक्रावतो.

पहाटे गच्चीवर हे करत असताना शेजारच्या काकू कठड्यावरून विचारणारच, "काय करायलीस गं सकाळी सकाळी?" व्यायाम म्हणून सांगा. खोटं नाही. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा गच्चीवरचा सराव सूर्य वर यायच्या आत उरकावा, किंवा रात्री दहानंतर स्पीकर बंद करून नुसत्या मेट्रोनोमवर, कानात हेडफोन घालून.

७. बाजूचं आणि मागचं पाऊल

ही दोन्ही चटकन होतात. बाजूचं : १ ला डावा डावीकडे, २ ला उजवा जागेवर, ३ ला डावा जवळ, मग ५, ६, ७ ला तेच उजवीकडे. मागचं : १ ला डावा मागे आणि ५ ला उजवा मागे, बाकी मोजणी तशीच. फॉलो करणाऱ्यांनी उजव्यानं सुरुवात करायची. तिन्ही पावलं न थांबता एकातून दुसऱ्यात बदलता येईपर्यंत पुढे जाऊ नका.

८. जोडीदाराला धरायचं कसं

लीड करणाऱ्याचा उजवा हात फॉलो करणाऱ्याच्या पाठीवर, डाव्या खांद्यामागच्या चपट्या हाडावर. कंबरेवर नाही, त्याखाली तर नाहीच. फॉलो करणाऱ्याचा डावा हात लीडच्या दंडावर किंवा खांद्यावर. दुसरे दोन हात एकमेकांत, खांद्याच्या किंचित वर, अंगठ्यानं न दाबता. मध्ये एक वीत-दोन विती अंतर.

हात ढिले सोडले तर इशारा पोचत नाही आणि घट्ट आवळले तर समोरचा अडकतो. दार ढकलताना हातात जेवढा जोर असतो त्याहून कमी जोर ठेवा, पण तो सतत असू द्या. लीड करणं म्हणजे हातानं ढकलणं नव्हे. तुम्ही स्वतः पुढे गेलात, छाती पुढे गेली, की पाठीवरचा हात आपोआप सांगतो. फॉलो करणाऱ्यांची नेहमीची चूक म्हणजे पुढचं ओळखून आधीच निघणं. इशारा आला नाही तर बेसिक चालू ठेवा. अंदाज लावू नका.

आणि थोडं स्पष्टच बोलते. क्लासला येताना तोंडात पुडी नको, तंबाखू नको. दात घासून, धुतलेला शर्ट घालून या. घाम येतोच, त्याला कुणी नाक मुरडत नाही. शर्ट चिंब झाला की मध्ये बदला. कुणाला एखादी पकड नको असेल तर "जरा लांबून करू" एवढं म्हणणं पुरेसं आहे, आणि समोरच्यानं कारण विचारायचं नाही. हात कुणाचा वारंवार घसरत असेल तर त्याच क्षणी थांबून शिक्षकांना सांगा. शिक्षकानं हसण्यावारी नेलं तर क्लास बदला.

९. पहिली गिरकी : फॉलोची उजवी

१, २, ३ नेहमीचं बेसिक. ४ च्या थांब्यात लीडचा डावा हात सरळ वर जातो, फॉलोच्या डोक्याच्या वर, आणि पाठीवरचा हात सुटतो. ५ ला फॉलो डावा पाय पुढे टाकून त्याच्यावर उजवीकडे वळायला लागते, ६ ला वजन उजव्यावर, ७ ला डावा जवळ आणि तोंड परत लीडकडे. लीडची पावलं ५, ६, ७ ला नेहमीचीच.

लीड करणाऱ्यांनो, वरचा हात ताक घुसळल्यासारखा फिरवू नका. फॉलो स्वतःच्या पायांवर वळते. तुमचा हात फक्त वाट दाखवतो आणि तिच्या डोक्यावर छोटंसं वर्तुळ काढतो. हाताची पकड इथे सैल हवी, नाहीतर मनगट मुरगळतं.

फॉलो करणाऱ्यांनी चक्कर येऊ नये म्हणून नजर समोरच्या एका बिंदूवर ठेवावी आणि मान सगळ्यात शेवटी वळवावी.

यानंतर क्रॉस बॉडी लीड शिका. त्यात लीड बाजूला होऊन फॉलोला समोरून पलीकडे पाठवतो. ऑन वनच्या निम्म्या गमती त्यातूनच निघतात, पण तो शिक्षकासमोरच शिकावा, वाचून जमत नाही.

१०. सराव, मग सोशल

रोज दहा मिनिटं एकट्यानं आणि आठवड्यातून दोनदा जोडीनं, एवढं जमवा. चार-पाच जण झालात तर सोसायटीचा हॉल किंवा ओळखीचं मंगल कार्यालय विचारून पाहा. चातुर्मासात मुहूर्त नसतात, तेव्हा हॉल रिकामे असतात आणि मालकही थोडक्यात सकाळचे दोन तास देऊ शकतो. तिथली फरशीही मोठी असते. फक्त निघताना झाडून जा.

क्लासबाहेर सगळ्या पातळ्यांचे लोक जमून नुसते नाचतात, त्याला सोशल म्हणतात. मराठवाड्यात असं नेमानं होताना मला तरी दिसलं नाही. त्यासाठी बहुतेक जण पुण्याला जातात. संभाजीनगरहून एसटीनं किंवा गाडीनं पाच-सहा तास धरा, लातूर-नांदेडहून त्याहून बरेच जास्त. निघण्याआधी एवढं पाहा : त्या दिवशी साल्सा किती आणि बचाटा किती (हल्ली बचाटाच जास्त वाजतो), आणि सुरुवातीला नवख्यांसाठी फुकट तास आहे का. असेल तर वेळेआधी पोचा. तिथे तीन-चार जणांशी ओळख होते, मग रात्रभर कोपऱ्यात उभं राहावं लागत नाही.

नाचायला विचारताना "एक गाणं करूया का?" एवढं बस. नकार आला तर हसून पुढे जा, थोड्या वेळानं लगेच पुन्हा विचारू नका. नवखे आहात हे आधी सांगितलंत तर चांगला नाचणारा लीड बेसिकवरच ठेवतो. तुम्ही लीड असाल तर तीन पावलं आणि एक गिरकी एवढ्यावर अख्खं गाणं काढता येतं, आणि फॉलो करणाऱ्या अनेकजणी तालात राहणाऱ्या माणसासोबत पुन्हा नाचतात, दहा गिरक्या मारून ताल चुकणाऱ्यासोबत नाचत नाहीत. मधेच नाच थांबवून समोरच्याला शिकवू नका. गाणं संपलं की थँक यू म्हणा, तिला जागेपर्यंत सोडा, पाणी प्या. परतीच्या शेवटच्या बसची वेळ आधीच लिहून ठेवा, किंवा रात्रीचा मुक्काम ठरवून जा, कारण गर्दी जमते तीच मुळी रात्री दहाच्या सुमारास.